थाप आधी, पाय मागाहून

मे महिना आणि गणपती या दोन हंगामांत लांज्यातल्या स्टुडिओवाल्याकडे एक वेगळंच गिऱ्हाईक येतं. मुंबईहून आलेला चाकरमानी पिशवीतून जुनी व्हीएचएस कॅसेट काढतो, व्हीसीडी काढतो, नाहीतर मोबाइल पुढे करतो. वाडीचं नमन, जाखडी, थोरल्या बहिणीचं लग्न. पुतण्यानं घरी कन्व्हर्ट करून पाहिलेलं असतं. चित्र झकास, पण भटजींनी तोंड मिटलं तरी मंगलाष्टक चालूच!

स्टुडिओवाला ओठांकडे बघत बसत नाही. जाखडी असली की तो पाय बघतो. मधे बसलेले बुवा, मृदुंग, झांज. भोवती फेर धरलेली पोरं, पायात चाळ. पाय जमिनीवर आपटतो नेमकी ती फ्रेम तो थांबवतो आणि खालच्या आवाजाच्या पट्टीवर उंच उठलेलं टोक शोधतो. आपल्याकडच्या ‘पाल’ या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. सिनेमावाले याचसाठी क्लॅप मारतात. जाखडीत तो पावलोपावली फुकट मिळतो.

अशी एक जागा सुरुवातीची, एक शेवटची. निम्मं निदान इथंच होतं.

दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर आवाज नुसता सरकलेला असतो. व्हीएलसीमध्ये जे आणि के ही बटणं आवाज ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करतात. पण ते पाहण्यापुरतं. फाइल तशीच राहते. किती सरकवायचा ते कळलं की तेवढा फरक फाइलमध्ये कायमचा घालायचा. चित्र पुन्हा कन्व्हर्ट करायची गरजच नाही.

सुरुवात बरोबर आणि शेवट बिघडलेला असेल, तर दुखणं वेगाचं. २९.९७ फ्रेमचं चित्र कुणी ३० समजून बसवलं की तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. व्हीसीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा, डीव्हीडीचा बहुधा ४८,००० चा. नमुने तेच ठेवून नुसता आकडा बदलला तर बुवांचा आवाज बारीक होतो आणि नाच चालू असतानाच गाणं संपतं. इथं आवाज सरकवून भागत नाही. सुरुवात जुळवली तर शेवट सुटतो, शेवट जुळवला तर सुरुवात. मूळ फाइल घेऊन योग्य आकड्यानं पुन्हा करणं बरं.

मोबाइलची तऱ्हा निराळी. रात्रीच्या नमनात उजेड कमी पडला की बरेच मोबाइल आपोआप फ्रेम कमी करतात. कुठली फ्रेम कधी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते. ती न वाचता सगळ्या फ्रेम सारख्या अंतरानं मांडल्या की नमनातला संकासुर एकीकडे आणि त्याचं बोलणं दुसरीकडे. अशी फाइल तो आधी ‘हँडब्रेक’ या प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घेतो, मगच एडिटिंगला लावतो. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली चालत नाही, ज्या मोबाइलवर शूटिंग झालं त्यातलीच हवी.

सगळ्यात छळते ती कॅसेट. कोकणातल्या दमट हवेत टेपला बुरशी येते. खराब जागी टेप संगणकावर उतरवणारं कॅप्चर कार्ड फ्रेम गाळतं, आवाज मात्र चालूच राहतो. म्हणून चित्र पुढे पळतं आणि प्रत्येक डागाला फरक वाढत जातो. टेप साफ करून, चांगल्या व्हीसीआरवर पुन्हा उतरवावी लागते. तरीही नाही जमलं तर डागाडागाशी तुकडे पाडून एकेक जुळवायचा.

अगदीच अडलं तर तो आवाज किंचित उशिरा ठेवतो, आधी कधीच नाही. यामागे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची मोजणीही आहे: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला जाणवतो, उशिराचा मात्र १२५ पर्यंत कळत नाही. कारण रोजचंच. मांडवात ३४ मीटर मागे बसलेल्याला मृदुंगाची थाप सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिराच ऐकू येते आणि त्याची तक्रार कुणी करत नाही.

तक्रार असते ती वेळेची. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास कसे लागतात, हे पेन ड्राइव्हच्या सवयीच्या माणसाला पटत नाही. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलेलं असतं. मग कॅसेट लांज्यातच ठेवून घ्यायची, काम झालं की मुंबईला जाणाऱ्या कुणाकडे तरी द्यायची, असं ठरतं.