हद्दीवरचा रस्ता

आमची गल्ली पश्चिम लंडनमध्ये, दोन मोठ्या रस्त्यांच्या मधे आहे. दोन्हीकडे शंभरेक वर्षांपूर्वीची एकमेकांना चिकटून बांधलेली घरं, कडेला गाड्या उभ्या आणि मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला लोक इथून गाड्या घालायचे. मोबाइलमधल्या नकाशाने ही वाट सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून शाळेच्या वेळी रस्ता ओलांडणं मुलांनाच काय, मोठ्यांनाही अवघड झालं होतं. २०२०च्या उन्हाळ्यात कौन्सिलने गल्लीच्या मधोमध मोठ्या लाकडी कुंड्या आणून ठेवल्या. पायी किंवा सायकलवर आरपार जाता येई, गाडीला मात्र आल्या वाटेने परत फिरावं लागे. घरापर्यंत गाडी यायची बंद झाली नव्हती, आरपार जायची बंद झाली होती. अशा भागाला इथे लो ट्रॅफिक नेबरहुड म्हणतात. बोलताना नुसतं एलटीएन.

कुंड्या आल्या तेव्हा आधी कुणाला विचारलेलं नव्हतं. कोविडचे दिवस होते. बस आणि ट्यूब टाळा, चाला, सायकल चालवा, असं सरकार सांगत होतं. मे महिन्यात त्यासाठी २५ कोटी पौंडांचा तातडीचा निधी जाहीर झाला आणि रस्त्यांवरचे बदल काही आठवड्यांत करा, असं कौन्सिलांना कळवलं गेलं. कायद्यात त्याची सोय होती. एरवी वाहतुकीचा कायमचा आदेश काढायचा तर आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी किमान २१ दिवस ठेवावे लागतात. प्रायोगिक आदेशाचं उलट आहे. तो आधी लागू होतो, पहिल्या सहा महिन्यांत लोकांनी हरकती कळवायच्या आणि अठरा महिन्यांच्या आत कौन्सिलने तो कायम करायचा की मागे घ्यायचा हे ठरवायचं. मला ही पद्धत मुळात वाईट वाटत नाही. नकाशावरच्या रेघा बघून आपलं रोजचं जाणंयेणं कसं बदलेल हे फार थोड्यांना कळतं. चार महिने तसं राहून पाहिलं की सगळ्यांना कळतं. पण मग त्या सहा महिन्यांत कुणाकुणाला विचारलं जातं, यावरच सगळं अवलंबून राहतं.

गल्लीत राहणाऱ्या आम्हांला फरक लगेच जाणवला. संध्याकाळी मुलं रस्त्यावर सायकली शिकायला लागली. समोरच्या घरातल्या आयरिश आजी काठी टेकत कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत पत्र टाकायला एकट्या जाऊ लागल्या. आधी त्या मुलाची वाट बघत थांबायच्या. खिडक्या उघड्या ठेवून झोपता यायला लागलं. मी कुंड्यांच्या बाजूची होते आणि आजही आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे ते विरोधकाचं म्हणून कुणी वाचू नये.

आमच्या एलटीएनची दक्षिणेकडची हद्द म्हणजे तो मोठा रस्ता. बसचा रस्ता, खाली दुकानं, वर भाड्याच्या खोल्या. तिथली रांग कुंड्या आल्यानंतर लांबली. किती लांबली, ती कुंड्यांमुळे की ट्यूब टाळून लोक गाड्या काढू लागले त्यामुळे, यावर अखेरपर्यंत एकमत झालं नाही. व्हॉट्सअॅपवर दोन गट पडले. एका गटाला दुसऱ्या गटातले लोक मुलांच्या जिवावर उठलेले वाटत, दुसऱ्याला पहिल्या गटातले लोक स्वतःपुरती शांतता विकत घेणारे वाटत. वीस-वीस वर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. कौन्सिलने एक ऑनलाइन नकाशा उघडला होता; त्यावर हवी तिथे टाचणी टोचायची आणि मत लिहायचं. त्या नकाशावर आमच्या गल्लीत टाचण्यांची दाटी होती. मोठ्या रस्त्यावर तुरळक, आणि दुकानांवरच्या खोल्यांपाशी जवळजवळ काहीच नाही.

नंतर घरोघरी पत्रं आली. प्रत्येक पत्रावर त्या घराचा वेगळा संकेतांक, तो टाकून प्रश्नावली भरायची. आम्हांला पत्र पहिल्याच आठवड्यात मिळालं. कोपऱ्यावर पेपरचं दुकान चालवणारे गुजराती गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना मोटाभाई म्हणतो. दूध घ्यायला गेले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, दुकानाच्या नावाने आलंय, वरच्या खोल्यांचं मला माहीत नाही. वरच्या खोल्यांचे दरवाजे मागच्या बोळात आहेत, जिथे कचऱ्याचे डबे ठेवतात. तिथे धड पत्रपेटी नाही. एका दारावर पाच जणांची नावं कागदाच्या चिटोऱ्यांवर चिकटवलेली होती, एकावर तर नुसताच आकडा.

कौन्सिलच्या कार्यालयातून कोऱ्या प्रश्नावल्या मागवता येत होत्या. आम्ही काही जणींनी त्या घेतल्या आणि मास्क लावून त्या बोळात जायला लागलो. दोन्ही गटांतल्या बायका होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. ठरवलं होतं की आपलं मत सांगायचं नाही, फक्त फॉर्म द्यायचा, लागेल तर वाचून दाखवायचा आणि परत घ्यायला यायचं.

तिथे जे ऐकलं ते त्या नकाशावर कुठेच नव्हतं. एक बाई म्हणाली, रांग पूर्वीही होती, मला त्याचं काही नाही. पण आता रात्री उशिरा कामावरून येताना मी कुंड्यांच्या गल्लीतून येते, तिथे गाड्या नसतात तेव्हा भीती वाटते. दुसरीने नेमकं उलट सांगितलं, तिला त्याच गल्लीत निवांत वाटतं. एका बापाने पोराचा इन्हेलर दाखवला. त्याची खिडकी थेट सिग्नलवर उघडते. त्याला एलटीएन हा शब्द माहीत नव्हता, पण बसच्या इंजिनाची घरघर आता जास्त वेळ खोलीत असते हे तो नक्की सांगू शकत होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या दुसऱ्या टोकाच्या एका मुलीबद्दलचा निकाल आला. एला अडू-किसी-डेब्रा लुइशममध्ये साउथ सर्क्युलर या सतत वाहत्या रस्त्याच्या अगदी जवळ राहायची. नऊ वर्षांची असताना, २०१३ मध्ये, ती दम्याच्या तीव्र झटक्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने हवेच्या प्रदूषणाचा तिच्या मृत्यूत वाटा होता अशी नोंद केली. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. बातमी वाचताना मला तो इन्हेलर आठवला. गल्लीतली गाडी कमी व्हावी असं म्हणणाऱ्या आणि मोठ्या रस्त्यावर ती वाढू नये असं म्हणणाऱ्या, दोघांकडेही तीच मुलगी दाखला म्हणून होती, आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं.

त्या बोळात सर्वांत जास्त वेळ बोलली ती एक मराठी मुलगी. साताऱ्याकडची, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं अंघोळ-जेवण करणारी केअरर. तिला घरांच्या संख्येवर पैसे मिळतात, वाटेतल्या वेळेचे नाहीत. आधी ती गाडीने आमच्या गल्लीतून तीन मिनिटांत पलीकडे जायची, आता मोठ्या रस्त्याच्या रांगेतून फिरून जावं लागे. "काकू, एकेका घरामागे माझा वेळ जातो आणि तो भरून कोण देणार? आजोबांचं जेवण मग घाईत भरवावं लागतं," ती म्हणाली. "मला पत्रही आलं नाही. मी इथे राहत नाही ना, मी फक्त इथे काम करते." प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता, तुमचा पत्ता या भागात आहे का. नाही म्हटलं की पुढचे निम्मे प्रश्न येतच नसत. मी तिला मोकळ्या जागेत सगळं लिहायला सांगितलं. तिने मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं आणि वाचून दाखवलं.

पुण्यात सदाशिव पेठेत माझा धाकटा भाऊ राहतो. त्याला फोनवर हे सांगत होते. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे पेपरात कोपऱ्यात छापून येतं, अमुक रस्ता एकेरी करण्याबाबत हरकती व सूचना कळवाव्यात. वाचतो कोण? आम्हांला नो-एंट्रीचा बोर्ड लागल्यावर कळतं." आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध घालता येतात. महिन्याहून जास्त काळाचा निर्बंध राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो, महिनाभराचा असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. इथे पत्र, नकाशा, सहा महिने; तिथे पेपरातल्या चार ओळी. पण मागच्या बोळातल्या माणसाला दोन्हीकडे बोर्ड लागल्यावरच कळतं, हे त्याच्याशी बोलताना माझ्या लक्षात आलं.

कौन्सिलच्या बैठकीआधी आमच्यातल्या एका निवृत्त वकीलबाईंनी एक जुना दाखला काढला. लंडनचं आपलं महाराष्ट्र मंडळ ज्या ब्रेंटमध्ये आहे, त्याच ब्रेंटच्या कौन्सिलविरुद्ध १९८५ मध्ये शाळांच्या फेररचनेवरून खटला झाला होता. त्यात स्टीफन सेडली या वकिलांनी मांडलेले चार निकष न्यायालयाने मानले आणि आजही इथल्या प्रत्येक कन्सल्टेशनला, म्हणजे लोकांचं मत विचारण्याच्या प्रक्रियेला, ते लावले जातात. निर्णय पक्का व्हायच्या आधी विचारलं पाहिजे. लोकांना विचार करून उत्तर देता येईल एवढी माहिती आणि पुरेसा वेळ दिला पाहिजे. आणि आलेली उत्तरं मनापासून विचारात घेतली पाहिजेत. बैठक ऑनलाइन होती, प्रत्येकाला तीन मिनिटं. मी कुंड्या राहाव्यात असं म्हटलं आणि त्याच दमात म्हटलं की हद्दीवरच्या रस्त्याची वाहतूक आणि हवा मोजल्याशिवाय, त्या खोल्यांमधल्या लोकांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका. काही शेजाऱ्यांना ते आवडलं नाही. त्यांना वाटलं मी विरोधकांच्या हातात काठी दिली.

निर्णय झाला तो मधला होता. आमच्या गल्लीतल्या कुंड्या राहिल्या. पलीकडच्या एका चौकातली बंदी उठली. अपंगांच्या ब्लू बॅजवाल्या गाड्यांना मोकळीक मिळाली, त्यासाठी एका ठिकाणी कुंडी काढून नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा लावला. केअररना मोकळीक मिळाली नाही. अहवालाच्या जोडपत्रात त्यांच्याबद्दल एक वाक्य होतं.

पुढे अभ्यास येत गेले. इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांना २०२२ मध्ये इझलिंग्टनच्या एलटीएनमध्ये आतल्या रस्त्यांवरच नव्हे, हद्दीवरही नायट्रोजन डायऑक्साइड कमी झालेला आढळला. २०२३ मध्ये वेस्टमिन्स्टर विद्यापीठाने लंडनमधल्या ४६ एलटीएनची आकडेवारी एकत्र केली. हद्दीवरच्या रस्त्यांवर सरासरी बदल एक टक्क्याहूनही कमी होता. मला या आकड्यांनी बरं वाटलं, मी ते सगळ्यांना पाठवले. पण सरासरी म्हणजे कुठे कमी, कुठे जास्त. इन्हेलरवाल्या मुलाच्या खिडकीखाली काय झालं, हे त्या खिडकीखाली मोजूनच कळेल.

२०२४ मध्ये सरकारने चार एलटीएनमधल्या रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. विरोधापेक्षा पाठिंबा जास्त निघाला. त्याच अहवालात असंही होतं की कौन्सिलच्या कन्सल्टेशनला उत्तर दिलेले लोक फक्त १३ टक्के, आणि आपल्या मताचा निर्णयावर काही परिणाम झाला असं वाटणारे १८ टक्के. मे २०२५ मध्ये वेस्ट डलिचच्या एलटीएनचा आदेश उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. रहिवाशांच्या गटाने दिलेलं ५३ पानांचं निवेदन निर्णय घेताना लक्षातच घेतलं गेलं नव्हतं. तो निकाल आमच्याकडच्या विरोधकांनी जल्लोषात वाटला. कुंड्यांच्या बाजूच्या माझ्यासारखीलाही तो योग्यच वाटला. रस्ता शांत करणं इतकं चांगलं काम आहे की ते लोकांची पानं न वाचता करायची गरज नाही.

सध्या आमच्या शाळेपुढचा रस्ता शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्यांना बंद करण्याचा प्रस्ताव आहे. कौन्सिलच्या अधिकारी बाईंना मी लिहिलं की पत्रं पोस्टाच्या भरवशावर सोडू नका, आणि त्या भागात राहता का या प्रश्नाच्या शेजारी त्या भागात काम करता का असाही प्रश्न घाला. दुसरी गोष्ट त्यांनी मान्य केली आहे. पहिलीला माणसं नाहीत म्हणाल्या. मग आम्हीच शनिवारी फॉर्म घेऊन मागच्या बोळात जाणार आहोत. मोटाभाईंनी वरच्या मजल्यांच्या दरवाज्यांची यादी करून ठेवली आहे.