दुसरे नाव

डाऊन सिंड्रोम असलेले बालक घरी जन्मले, की आईच्या मनात एकच शल्य सलत राहते. ‘‘फादर, ही माझ्या कुठल्या पापाची शिक्षा?’’ असे आम्हांला अनेकींनी विचारले आहे. अशा वेळी आम्ही त्यांना डॉ. जेरोम लेजून ह्यांचे नाव सांगत आलो. ह्या बालकांच्या पेशींत ४६ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, पापाचा येथे काहीही संबंध नाही, हे पॅरिसहून १९५९ साली जगाला कळले. लेजून श्रद्धाळू कॅथलिक. ह्या बालकांच्या जगण्याच्या हक्कासाठी ते अखेरपर्यंत झटले. २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली.

परंतु ह्या कथेत आम्ही एक नाव गाळीत होतो. डॉ. मार्थ गोतिए ह्या शेतकरी कुटुंबातील बालरोगतज्ज्ञ. १९५५ साली त्या बोस्टनला गेल्या व तेथे पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. परतल्यावर पॅरिसच्या त्रुसो रुग्णालयात प्रा. रेमों त्युर्पें ह्यांच्या हाताखाली त्यांनी प्रयोगशाळा उभारली. निधी नव्हता, काचसामानासाठी स्वतः कर्ज काढले. पेशींच्या पोषणासाठी आवारात कोंबडा पाळला, आपलेच रक्त काढून वापरले. १९५८ साली सत्तेचाळिसावे गुणसूत्र दिसले. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला छायाचित्राची सोय नव्हती, म्हणून काचपट्ट्या त्यांनी लेजून ह्यांच्या स्वाधीन केल्या. जानेवारी १९५९च्या निबंधात पहिले नाव लेजून ह्यांचे होते. गोतिए ह्यांचे दुसरे, आणि तेही चुकीचे छापलेले.

त्या मुकाट्याने बालकांच्या यकृतविकारांच्या संशोधनाकडे वळल्या. पन्नास वर्षांनी, २००९ साली, त्यांनी आपली बाजू मांडली. लेजून ह्यांच्या पक्षाला ती मान्य नाही. मात्र २०१४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने म्हटले, की शोधाच्या आरंभी लेजून ह्यांचा वाटा प्रमुख असण्याचा संभव कमी आहे. गोतिए २०२२ साली निवर्तल्या.

लेजून ह्यांची करुणा ह्यामुळे उणी होत नाही. पण ज्यांना आपण संतपदाच्या वाटेवर पाहतो, त्यांच्याभोवती अर्धसत्याची आरास कशाला हवी? दुसऱ्याचे श्रेय दडवणे हेही सातव्या आज्ञेचे उल्लंघनच होय, हे आम्ही वेदीवरून शिकवतो.

आता एखादी आई तोच प्रश्न विचारते, तेव्हा आम्ही दोन्ही नावे सांगतो.