लिंबाचा डहाळा

फाल्गुन म्हणजे आमच्याकडं धान्य घरात यायचा महिना. शाळू काढणीला आलेला असतो, हरभऱ्याचे ढीग लागलेले असतात आणि माळावरचा पळस अंगभर लाल झालेला असतो. माझं बरंचसं लिखाण याच दिवसांत झालं. राखणीला जायचं, गोफणीनं पाखरं हाकलायची आणि मधल्या वेळात बांधावरच्या लिंबाखाली बसून वहीत चार ओळी लिहायच्या, असा नेम होता.

२०१४ च्या फाल्गुनात मात्र गारा पडल्या. त्या साली फेब्रुवारीच्या शेवटापासून निम्म्या मार्चपर्यंत मराठवाड्यात कुठं ना कुठं गारपीट चालूच होती. आमच्या शिवारात आवळ्याएवढी गार पडली. अर्ध्या तासात शाळू झोपला, हरभरा चिखलात गेला. पाऊस थांबल्यावर रानात गेलो, तर लिंबाखाली पाखरांचा खच. ज्यांना सकाळी गोफण दाखवली होती, तीच ही पाखरं. पुढं पंचनाम्याला माणसं आली. गट नंबर, पीक, क्षेत्र लिहून घेतलं आणि गेली.

तिथून माझं लिहिणं बंद झालं. सुचत नव्हतं असं नाही, पण लिहावं कशाला तेच कळंना. जन्मभर रानाचं कौतुक लिहिलं आणि रानानंच तोंड फिरवलं. संध्याकाळचा हरिपाठही सोडला. वही रिकाम्या कणगीवर टाकली, ती तिथंच पडून राहिली.

अशात पाडवा आला. शेतकऱ्याचं साल पाडव्याला सुरू होतं. सालगडी त्याच दिवशी ठरतो, जुना हिशेब त्याच दिवशी मिटतो. मी म्हणालो, "माय, औंदा गुढी नको. कोणत्या तोंडानं उभारायची?"

माय चुलीपुढं बसली होती. ऐंशीच्या पुढची बाई. वर न बघताच म्हणाली, "गुढी काय पिकाची असती व्हय रं? सालाची असती. साल काय तुला इचारून येतंय? जा, लिंबाचा डहाळा घेऊन ये."

निघालो खरा, पण मनात म्हटलं, लिंबाला पान असलं तर ना! गारांनी त्याचा पार खराटा केला होता. बांधावर जाऊन वर बघितलं आणि बघतच राहिलो. फांदीफांदीला तांबूस, कोवळी पालवी. साल सोलली होती तिथं डिंक वाळला होता आणि त्याच्या शेजारूनच फुटवा निघाला होता. एवढ्या दिवसांत झाडानं हे सगळं केलं आणि मी तिकडं फिरकलोही नव्हतो. डहाळा मोडायला हात धजेना. शेवटी एक लहानसाच मोडला.

मायनं गुढीपुरता ठेवून बाकीचा पाला गूळ, जिरं, ओवा, हिंग घालून वाटला. दरसाल मी ती गोळी तोंड वाकडं करून गिळायचो. त्या दिवशी चावून खाल्ली.

दुपारी कणगीवरची वही काढली. धूळ झटकली. पहिली ओळ मायचीच लिहिली. मग गारांचं लिहिलं, पाखरांचं लिहिलं. पंचनाम्यात पाखरांचा रकाना नव्हता. ती कुणीतरी लिहायला पाहिजे होती. दिवस बुडेपर्यंत हात थांबला नाही.

संध्याकाळी हरिपाठाला जाऊन बसलो. देवावरचा राग काही गेला नव्हता. पण रागावलेल्या माणसानं बसू नये, असं कुठं आहे?

आता माय नाही. पाडव्याच्या सकाळी डहाळा आणायला मी न सांगता जातो. जुन्या फांद्यांवर गारांचे वण अजून दिसतात. त्यांच्याखाली घटकाभर बसतो आणि सालाची पहिली ओळ तिथंच लिहितो.