यंत्रातील मींड

यंत्राला भाव नसतो, असे आपण सहज म्हणून जातो. गायनवृंदात कीबोर्ड नको म्हणणारे आमच्या नाशिकच्या धर्मग्रामातील ज्येष्ठही हेच सांगतात. आम्हांस मात्र चरणजित सिंग आठवतात.

हिंदी चित्रपटसंगीतातील या मुंबईकर वादकाने १९८२ साली, रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांच्या साहाय्याने, एकट्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. ठेका अचल, निर्विकार. परंतु त्यावर मालकंस उमटू लागला, की अंगावर काटा येतो. भुते जमविणारा अशी ज्याची ख्याती, तोच हा राग!

हा भाव आला कोठून? ‘टीबी-३०३’ हे यंत्र बास गिटारवादकाच्या जागी साथ करण्यासाठी निर्माण झाले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती. सिंग यांच्या कानाला त्या घसरणीत मींड सापडली असावी. पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून ‘अ‍ॅसिड हाउस’ घडविले.

तबकडी मात्र विस्मृतीत गेली. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात वाजवू लागले. २०१५ साली ते निवर्तले.

तेव्हा वाचकहो, कीबोर्डला दोष देण्यापूर्वी वाजविणाऱ्याचा कान पारखावा, असे आम्हांस वाटते.