भूतकाळ केव्हा शिकवावा?

प्रौढांना नवी भाषा शिकवण्याची योजना आखणे हे वरवर पाहता हिशेबाचे काम आहे. तास किती, शिक्षक किती, खोल्या किती, परीक्षा केव्हा, एवढे ठरले की बाकीचे पाठ्यपुस्तकावर सोडून देता येते असा समज असतो. जर्मनीत तर हा हिशेब सरकारनेच मांडून दिलेला आहे. १ जानेवारी २००५ रोजी तिथे नवा स्थलांतर कायदा अमलात आला आणि त्याबरोबर 'एकात्मता-वर्ग' सुरू झाले. सर्वसाधारण वर्गात भाषेच्या ६०० तासिका, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या आणि शंभर-शंभरांच्या सहा टप्प्यांत वाटलेल्या. त्यानंतर देशाचा इतिहास, राज्यघटना व समाजव्यवहार ह्यांच्या तासिका, ज्या २०१६ मध्ये १०० झाल्या. ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांच्यासाठी अधिक लांबीचा वेगळा वर्ग. उद्दिष्ट म्हणून युरोपीय मोजपट्टीवरची 'बी१' ही पातळी. नागरिकत्वासाठीही तीच पातळी लागते, त्यामुळे ह्या मोजपट्टीवरच्या एका पायरीचा अर्थ माणसाच्या पुढच्या आयुष्याइतका मोठा होतो.

२०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार माणसे आश्रयासाठी जर्मनीत आली तेव्हा हा हिशेब अपुरा पडला. वर्गांत जागा मिळेपर्यंत लोकांना थांबावे लागे. ह्या रिकाम्या महिन्यांत काहीतरी करावे म्हणून आम्ही, म्हणजे त्या शहरात बरीच वर्षे राहिलेले तिघे मराठी भाषक आणि दोन निवृत्त जर्मन शिक्षिका, आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात पूर्वतयारीचा वर्ग घेऊ लागलो. एका हिवाळ्याची योजना आम्हाला आखायची होती. आमच्या वादांचे विषय पाहता पाहता हिशेबापलीकडे गेले आणि अखेर एका प्रश्नापाशी येऊन थांबले. तो साहित्याच्या अभ्यासकांनाही विचार करण्याजोगा वाटेल, म्हणून हा लेख.

आधी वर्गाविषयी. सरकारी कागदावर जे 'नवशिके' असतात ते प्रत्यक्षात कधीच एका ठिकाणाहून सुरुवात करीत नाहीत. सीरियातून आलेला एक गृहस्थ अरबी उत्तम लिहीत होता, पण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. त्यामुळे 'इ' आणि 'ए', 'उ' आणि 'ओ' ह्यांतला भेद कागदावर नोंदवावा लागतो हीच गोष्ट त्याला नवी होती. अफगाणिस्तानातल्या एका बाईंना कोणतीच लिपी येत नव्हती, आणि तरी त्या तीन भाषा बोलत. इरिट्रियातले दोन तरुण तिग्रिन्या लिहीत. त्यांची गीझ लिपी पाहिली तेव्हा आम्हा मराठी माणसांना गंमत वाटली, कारण तिलाही एक बाराखडी आहे. फक्त ती 'सातखडी' आहे! मूळ व्यंजनचिन्हात स्वरानुसार थोडा थोडा बदल होत जातो आणि एकाची सात रूपे होतात. त्या तरुणांना 'अक्षरे जोडा' असे सांगणे निरर्थक होते. व्यंजन आणि स्वर वेगळे काढून शेजारी शेजारी बसवायचे असतात, हे रोमन लिपीचे वैशिष्ट्य त्यांना समजावून द्यायला हवे होते, आणि ते देवनागरीत वाढलेल्या माणसाला जरा लवकर सुचते. क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते ह्या जर्मन नियमाचा बाऊ पाठ्यपुस्तके करतात. दरी आणि तिग्रिन्या बोलणाऱ्यांना तो मराठी माणसाइतकाच ओळखीचा वाटला. योजनेची सुरुवात विद्यार्थ्याला काय येत नाही इथून न करता काय येते इथून केली, तर सहाशे तासिकांमधल्या बऱ्याच वाचतील असे आमचे मत तेव्हा झाले आणि ते अजून टिकून आहे.

पण खरा वाद झाला तो भूतकाळावरून. परकी भाषा शिकवणारी बहुतेक पुस्तके एका ठरलेल्या वाटेने जातात. आधी नाव, गाव, वय. मग कुटुंब. मग घर, त्यातल्या खोल्या. त्यानंतर साधा भूतकाळ, आणि त्याच्या सरावासाठी बालपण, प्रवास, गेल्या सुटीत आपण काय केले. ही वाट ज्याने आखली त्याच्या डोळ्यांसमोर कामानिमित्त किंवा शिक्षणासाठी आलेला माणूस असावा. त्याला आपल्या घराविषयी बोलणे आवडते. आमच्या वर्गात 'मला दोन भाऊ आहेत' हे वाक्य पूर्ण करताना एक जण थांबला. त्याला शब्द अडला नव्हता. 'आहेत' म्हणावे की 'होते' हे त्याला ठरवता येत नव्हते, आणि त्याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नव्हते.

शिवाय आणखी एक गोष्ट आमच्यातल्या एका शिक्षिकेने दाखवून दिली. आश्रयाचा अर्ज केलेल्या माणसाची सरकारी कार्यालयात सविस्तर मुलाखत होते. दुभाषा मध्ये बसतो, कथन नोंदवून घेतले जाते, त्यातल्या तारखा व क्रम पुढे तपासले जातात. आपला जन्म कुठे झाला? आपण केव्हा निघालात? कोणाबरोबर आलात? भाषेच्या वर्गात सरावासाठी आपण हेच प्रश्न विचारतो. त्यांचे व्याकरण एकच, शब्द तेच, समोर टेबलही तसेच. ज्याचा निकाल अजून लागलेला नाही त्याने ह्या दोन खोल्यांतला फरक कसा ओळखावा?

आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे, की भूतकाळ पुढे ढकलावा. दुसऱ्यांचे म्हणणे, की भूतकाळाशिवाय माणसाला डॉक्टरकडे 'काल रात्री पोट दुखले' एवढेही सांगता येणार नाही, आणि प्रौढ माणसाला तीन महिने वर्तमानकाळात कोंडणे हाही एक प्रकारचा अपमानच. दोन्ही खरे होते. शेवटी ठरले ते असे. भूतकाळ लवकर शिकवायचा, पण तो कालचाच: काल काय रांधले, कोणती बस चुकली, बाजारात कांदे कसे मिळाले. कुटुंबाचा धडा कोणा कल्पित कुटुंबावर घ्यायचा. आणि पहिल्याच आठवड्यात, नाव सांगण्याच्या वाक्यानंतर लगेच, एक वाक्य सर्वांकडून पक्के करून घ्यायचे: 'ह्याविषयी मला बोलायचे नाही.'

हे वाक्य वर्गात फार लोकप्रिय झाले. गृहपाठ का केला नाही असे विचारल्यावर ते हमखास ऐकू येई आणि सारे हसत. पण ते गंभीरपणेही वापरले गेले, आणि ज्याने वापरले त्याचा चेहरा उतरलेला नसे. परक्या भाषेत त्याने प्रथमच कोणाला तरी नकार दिलेला असे. नवागतांसाठी केलेल्या बहुतेक अभ्यासक्रमांत उत्तरे देण्याची भाषा असते. नकाराची, तक्रारीची, थट्टेची भाषा उशिरा येते किंवा येतच नाही. ती आधी यायला हवी, कारण माणूस प्रौढ असल्याची खूण तीच आहे.

साहित्यात ह्याचे पुरावे आहेत. एमिने सेव्गी ओझदामार ह्या १९६५ मध्ये तुर्कस्तानातून बर्लिनच्या कारखान्यात कामगार म्हणून आल्या. १९९८च्या त्यांच्या कादंबरीतली नायिका वर्तमानपत्रांचे मथळे अर्थ न कळताच पाठ करते आणि भलत्या प्रश्नांना ते उत्तर म्हणून देते. त्या लेखिकेला २०२२चा ब्यूख्नर पुरस्कार मिळाला. साशा स्टानिशिच १९९२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, बोस्नियातल्या युद्धातून निसटून हायडेलबर्गला आला. 'हेर्कुन्फ्ट', म्हणजे 'मूळ', ह्या त्याच्या पुस्तकाला २०१९चा जर्मन पुस्तक पुरस्कार मिळाला. त्यात तो परदेशी नागरिकांच्या कार्यालयासाठी स्वतःच्या हस्ताक्षरात जीवनवृत्त लिहायला बसतो, आणि सरळ तारखांचे ते जीवनवृत्त काही केल्या सरळ राहत नाही. आपला भूतकाळ कोणासाठी, कोणत्या क्रमाने आणि केव्हा सांगायचा हे ठरवण्याचा अधिकार ह्या दोघांनी नव्या भाषेत स्वतःकडे घेतला. तो घ्यायला त्यांना वर्षे लागली, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

आमच्या वर्गातली माणसे लेखक नव्हती आणि त्यांनी व्हावे अशी अपेक्षाही नव्हती. तरी फेब्रुवारीच्या सुमारास, कालच्या स्वयंपाकाविषयी बोलताना, त्या अफगाण बाईंनी आपण होऊन एक वाक्य लांबवले. हा भात आई निराळा करायची, असे म्हणाल्या, आणि मग तो कसा ते सांगू लागल्या. त्यांची क्रियापदे चुकत होती. आमच्या जर्मन शिक्षिकेने, जिला चूक दिसली की दुरुस्त केल्यावाचून राहवत नसे, त्या दिवशी खडू खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतले.

वसंतात एकेकाला सरकारी वर्गात जागा मिळत गेली आणि आमचा वर्ग ओसरला. तिथे धडे पाठ्यपुस्तकाच्याच क्रमाने होतात, आणि एका शिक्षकापुढे वीसेक विद्यार्थी असताना निराळे काही करणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण कुठल्याही भाषेच्या वर्गात 'आपल्या कुटुंबाविषयी पाच वाक्ये लिहा' असे फळ्यावर लिहिण्यापूर्वी, समोर बसलेल्यांपैकी कोणाला ते लिहायचे नसेल तर त्याच्याजवळ तसे सांगण्यापुरती भाषा आहे का, एवढे शिक्षकाने पाहून घ्यावे. त्याला ना वेगळा निधी लागतो, ना जादा तासिका.