जपून वापरा

वस्तू विकत घेणं आणि वस्तू वापरणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या माणसाला त्यांतली पहिलीच काय ती नीट जमते. घरात नवा सोफा आला की त्यावर चादर येते. ती चादर मळू नये म्हणून तिच्यावर जुनी चादर येते. आणि सोफ्याचा खरा रंग कोणता हे शेवटपर्यंत फक्त दुकानदाराला ठाऊक राहतं. रिमोटला प्लास्टिकची पिशवी, रेशनकार्डाला लॅमिनेशन, शाळेच्या पुस्तकाला खाकी कव्हर आणि त्या कव्हराला पुन्हा प्लास्टिक. लग्नातला शालू तर आपण इतका जपतो, की तो अंगावर कधी फाटत नाही. कपाटातल्या कपाटात घडीवर फाटतो.

त्यामुळे माझ्या पुतण्यानं पाडव्याला घेतलेल्या नव्या मोटारसायकलला नखशिखांत पारदर्शक फिल्म चढवायचं ठरवलं, तेव्हा मी चकित वगैरे झालो नाही. घराण्याचं वळण पोराच्या अंगात उतरलंय म्हणून मला बरंच वाटलं.

त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, राजदूत घेतली होती तेव्हा टाकीला रेक्झिनचं कव्हर शिवून घ्यायची पद्धत होती. खाली झालर, वर कागदपत्रांसाठी खिसा. दादांनी ते कव्हर कित्येक वर्षं काढलं नाही. पावसाचं पाणी आत शिरायचं, धूळ आत शिरायची, आणि दोघं मिळून आत संसार करायची. शेवटी शिवण उसवली म्हणून कव्हर काढलं, तर टाकीवर गंजाचा असा काही नकाशा उमटला होता की त्यात माळशिरस तालुका वेगळा दाखवता आला असता. दादा म्हणाले, "कव्हर नसतं तर याहून वाईट झालं असतं." श्रद्धा ती श्रद्धा.

पुतण्या मात्र शास्त्रावर चालणारा. त्यानं मला ओसरीवर बसवून सगळं समजावलं. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक लेप असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक काय ती त्याची. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतात, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवावेत इतपत. आणि त्यावर जी फिल्म बसवायची, ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीची. थोडक्यात, राखणदार धन्यापेक्षा जाड! या फिल्मचं मूळ व्हिएतनामच्या युद्धात आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या हेलिकॉप्टरांची पाती वाळूनं झिजायची, म्हणून त्यांना पॉलियुरेथेनची पट्टी चिकटवायला लागले. पुढं ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि तिथून हिंडत हिंडत आमच्या नातेपुत्यात.

नातेपुत्यात तिला काम भरपूर आहे, हे मी कबूल करतो. पलीकडं शिंगणापूरचा डोंगर, मधून पंढरीची वाट, आणि या दोन पवित्र गोष्टींच्या मध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात धूळ. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या अशा भरून निघतात की बाहेर लोंबणारं वाढं शेजारून जाणाऱ्याची दाढी करून जातं. उरलंसुरलं काम ऊन करतं. पण पुतण्या म्हणाला, "काका, रंगाचा खरा शत्रू ट्रॉली नाही. फडकं! धुळीत वाळूचे कण असतात. कोरड्या फडक्यानं आपण पुसतो म्हणजे ते कण रंगावर घासतो." हे ऐकल्यापासून मी माझा चष्मासुद्धा भीत भीत पुसतो.

फिल्म बसवायचा मान स्टँडजवळच्या रेडियमवाल्याला मिळाला. गावातल्या निम्म्या गाड्यांवर 'आईचा आशीर्वाद' लिहून त्यानं हात बसवलेला आहे. आधी गाडी धुतली. मग फवाऱ्याच्या बाटलीतून शांपूचं पाणी मारून ओल्या टाकीवर फिल्म टाकली, आणि रबराच्या पट्टीनं मधलं पाणी आणि हवा बाहेर काढत तो वळणावळणानं कडेला गेला. टाकीच्या बाकावर फिल्म ताणायला उष्णता लागते; ती शेजारच्या सलूनमधल्या केस वाळवायच्या मशीननं दिली. त्यामुळे एक गिऱ्हाईक अर्धवट ओल्या डोक्यानं आमच्यात येऊन उभं राहिलं आणि सल्ले देऊ लागलं. एकही बुडबुडा राहता कामा नये म्हणून पुतण्या टाकीला नाक लावून बसला होता. स्वतःच्या बारावीच्या पेपरवर त्यानं इतकं लक्ष दिल्याचं मला आठवत नाही.

सगळं झाल्यावर रेडियमवाला म्हणाला, "स्वस्तातली पीव्हीसीची असती तर उन्हानं पिवळी पडली असती. ही नाही पडायची. आणि बारीक ओरखडे हिचे हीच भरून काढते. उन्हात लावायची गाडी, बास." मागच्या मडगार्डवर त्यानं अर्थातच 'आईचा आशीर्वाद' लिहिलं होतं. तोही झिजू नये म्हणून त्याच्यावरूनही फिल्म फिरवली.

आता एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. गाडी घेतली त्याच आठवड्यात पुतण्यानं मागच्या चाकाजवळचा साडी गार्ड काढून टाकला होता. "लूक जातो." १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो, की मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारी काहीतरी आडोशाची सोय असलीच पाहिजे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं पदर होता, पुतण्याच्या डोळ्यांपुढं लूक. तो गार्ड वहिनींनी उचलून परसात रोवला आणि त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवला. आमच्याकडं काही वाया जात नाही.

वहिनींचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरतात. अकलूजच्या डॉक्टरांनी चालणं बेतानं करा असं सांगितलंय. वस्ती गावापासून लांब, त्यामुळे बेतानं म्हणजे रोज. नव्या गाडीवर त्या एकदाही बसल्या नव्हत्या आणि त्यांनी तसं कधी म्हटलंही नव्हतं.

आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला असते आणि दुसऱ्या दिवशी पुढं पुरंदवड्याला गोल रिंगण होतं. त्या सकाळी वहिनी नवं लुगडं नेसून, भाकरी बांधून गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"चल, रिंगणाला सोड मला."

"आई, साडी गार्ड नाही. पदर चाकात जाईल."

"मग एवढे पैशे घालून बसवलंय तरी काय हिला?"

"फिल्म."

वहिनींनी टाकीवरून हात फिरवला. "कुठंय? दिसत तर न्हाई."

"दिसत नाही हेच तिचं वैशिष्ट्य."

"आन् गार्ड?"

"तो दिसायचा, म्हणून काढला."

वहिनी थोडा वेळ मडगार्डवरची अक्षरं वाचत उभ्या राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "ही फिल्म माझ्या गुडघ्याला बसवत्यात का रं, ते इचारून ठेव त्याला." आणि शेजारच्यांच्या ट्रॅक्टरवर चढून गेल्यासुद्धा. चढताना त्यांना दोघींनी वर ओढलं, ते आम्ही दोघांनी पाहिलं.

पुतण्या बराच वेळ पायरीवर बसून होता. मीही काही बोललो नाही. पण वारीच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाच्या मनात येतात तसे विचार माझ्या मनात येत होते. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांची झीज होते म्हणून २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी वज्रलेप केला. तीही एक फिल्मच म्हणायची. पण लेप झाला म्हणून देवानं पाय मागं घेतले नाहीत. भक्तांनी पुन्हा डोकं टेकवावं म्हणूनच तो लेप.

दुपारी पुतण्या परसात गेला आणि वेल सोडवायला लागला. तेवढ्यात वहिनी रिंगणाहून परतल्या, कपाळाला बुक्का. "हात लावू नगं," त्या ओरडल्या, "फुलं आलीत त्याला!" शेवटी नवा साडी गार्ड विकत आणावा लागला. तो बसवताना रेडियमवाल्यानं विचारलं, "यालाही फिल्म लावू?" पुतण्यानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी वस्तीवर गाडीवरून गेल्या. बसताना त्यांच्या पाटलीनं सीटखालच्या पत्र्यावर बोटभर ओरखडा उठवला. पावसाळा आमच्याकडं मुख्यतः कॅलेंडरात असतो. गाडी उन्हात उभी होती, आणि बारा वाजेपर्यंत तो ओरखडा भरून आला. फिल्मवाल्यांचा शब्द खरा ठरला.

संध्याकाळी पुतण्यानं मला गाडीपाशी बोलावलं. "काका, हे बघा, आईनं इथं ओरखडा पाडला होता." मी चष्मा सरसावून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. तरी तो त्या जागेवर बोट ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता.