चला, ज्वारीच्या मुलखात!

मुलांनो, सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्गचा किल्ला लागतो. बोरी नदीचं पाणी अडवून बांधलेला तिथला पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलाही असेल. बहुतेक सहली किल्ला बघून तुळजापूरला जातात. तुम्ही मात्र तसं करू नका. उमरग्याच्या दिशेने पुढे या आणि मध्येच डाव्या हाताला, उत्तरेकडे वळा. थोड्याच वेळात आमचं लोहारा येतं.

लोहारा हे धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तुमच्या आई-बाबांच्या भूगोलाच्या पुस्तकात हा जिल्हा उस्मानाबाद नावाने असायचा. 2023 साली तो धाराशिव झाला. आमच्या तालुक्यात बघण्यासारखं काय आहे, असं पाहुणे विचारतात. माकणीला तेरणा नदीवरचं मोठं धरण आहे. हिप्परग्याला जुनी राष्ट्रीय शाळा होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते. सास्तूर हे गावही आमच्याच तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि किल्लारीबरोबर सास्तूरही कोसळलं. आज तिथे नव्या जागी नवी घरं उभी आहेत.

पण मला विचाराल तर इथे बघण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे रान! आणि तेही डिसेंबरातलं.

आमची जमीन काळी. पावसाळा संपला की मातीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरतात. आम्ही तिला शाळू म्हणतो. डिसेंबरात ती माणसाच्या डोक्याच्या वर जाते. कणसं भरू लागतात. पाखरं टिपायला येतात, आणि त्यांना हाकलायला कुणीतरी माळ्यावर गोफण घेऊन उभं असतं. कोवळं कणीस गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं आणि हिरवा हुरडा तोंडात टाकायचा. सोबत तीळ-शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. वा! पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. दाणे घरात येतात आणि कडबा जनावरांना. म्हणजे एकाच पिकात माणसाची भाकरी आणि बैलाची वैरण. आता सोयाबीन खूप वाढलं आणि ज्वारीचं रान कमी झालं, हेही खरं. तरी आमच्याकडे जेवण म्हणजे भाकरी.

आता या भाकरीचीच एक वेगळी गोष्ट सांगते.

मी तालुक्यातल्या एका लहान गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचं नाव मी लिहिणार नाही, कारण "बाई, माझी गोष्ट सांगा, पण नाव नका सांगू," असं तिनेच बजावलंय. दुसरीत होती तेव्हा ती वर्गात सगळ्यांत लहानखुरी दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे. सारखे जुलाब व्हायचे. खेळताना लगेच दमायची. घरच्यांनी किती डॉक्टर केले! कुणी जंतांचं औषध दिलं, कुणी रक्त वाढायच्या गोळ्या. "लेकराला नजर लागली," म्हणून मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या. शक्ती यावी म्हणून आई तिला रोज दुधात बिस्किटं आणि गव्हाची पोळी कुस्करून द्यायची. आणि ती आणखीच वाळत चालली होती.

शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरांनी रक्ताची एक खास तपासणी केली. मग तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा अगदी चिमुकला तुकडा काढून तपासला, आणि नाव सांगितलं: सिलिअ‍ॅक आजार.

हे काय प्रकरण आहे? गव्हात ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. जव म्हणजे सातू, आणि राय नावाच्या परदेशी धान्यातही तशीच प्रथिनं असतात. बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. पण काही थोड्या माणसांच्या शरीरातली रोगांशी लढणारी फौज ग्लुटेन पोटात गेलं की चिडते आणि शत्रू समजून आपल्याच आतड्यावर तुटून पडते.

आपल्या लहान आतड्याला आतून असंख्य बारीक झालर असते. भरल्या कणसांनी उभं असलेलं शाळूचं रान डोळ्यांसमोर आणा. झालर अशी दाट उभी असते, म्हणूनच ती अन्नातलं सत्त्व शोषून घेते. या आजारात ती झालर झडून सपाट होते. काढणी झालेल्या रानासारखी! मग कितीही खा, अंगी लागत नाही. लोह मिळत नाही, म्हणून रक्त कमी होतं. कॅल्शियम मिळत नाही, म्हणून हाडं कच्ची राहतात. उंची खुंटते.

हा आजार संसर्गाचा नाही. एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्याला लागत नाही. त्यावर औषधाची गोळीही नाही. उपाय एकच. ग्लुटेन कायमचं बंद! ते थांबलं की झालर हळूहळू पुन्हा उगवते.

हे कोडं सुटायला किती वर्षं लागली ठाऊक आहे? 1888 साली सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरांनी या आजाराचं बारकाईने वर्णन केलं. बरं व्हायचं तर आहारातूनच, हेही त्यांनी ओळखलं. पण नेमकं काय खायचं नाही, ते कळेना. पुढे नेदरलँड्समध्ये हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात विलेम डिके नावाचे डॉक्टर होते. पावामुळे ही मुलं आजारी पडत असावीत, असा संशय त्यांना 1930 नंतरच्या काळातच आला होता. मग महायुद्ध आलं. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना. माणसं ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाऊ लागली. आजूबाजूची माणसं अशी खंगत असताना डिके यांची ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली! युद्ध संपलं, पाव पुन्हा मिळू लागला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. संशय पक्का झाला. 1950 साली डिके यांनी आपलं संशोधन प्रबंधाच्या रूपात मांडलं. अशा वाईट दिवसांतूनही एका डॉक्टरने मुलांच्या उपयोगाचं शोधून काढलं.

आपल्या देशातही हे रुग्ण आहेत. गव्हाची रोटी रोज खाणाऱ्या उत्तर भारतात ते जास्त आढळतात, दक्षिणेत बरेच कमी.

आता आमच्या मुलीकडे वळू या. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिची आई रडायलाच लागली. "गहू नाही म्हणजे लेकरानं खायचं तरी काय?" मोठ्या शहरांत ग्लुटेन नसलेलं पीठ, बिस्किटं, पाव असं सगळं पाकिटात मिळतं. पण महाग! रोजंदारीवर जाणाऱ्या घराला ते कसं परवडणार? तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, तुम्ही लोहाऱ्याचे ना? मग तुमच्या घरात औषधाचं पोतं भरलेलं आहे. ज्वारी!"

खरंच की! ज्वारीत ग्लुटेन नाही. बाजरीत नाही, तांदळात नाही, मक्यात नाही, नाचणीत, राळ्यात, वरईतही नाही. डाळी, शेंगदाणे, भाज्या, दूध, अंडी, सगळं चालतं. म्हणजे भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात, सुशीला, ज्वारीच्या लाह्या, सगळं तिचंच! शाळेतली तांदळाची खिचडीही.

पण गोष्ट इतक्यावर संपत नाही. महिना-दोन महिने भाकरी खाऊनही तिचं पोट दुखायचं थांबेना. तेव्हा आईने एकेक गोष्ट तपासायला घेतली. पहिला चोर सापडला तो गिरणीत. आमच्या गावात पिठाची गिरणी एकच. आधीच्या बाईचा गहू दळून झाला की त्याच जात्यात हिची ज्वारी पडायची. गव्हाचं उरलेलं पीठ भाकरीत यायचं. एवढंसं पीठसुद्धा या आजारात पुरतं. दुसरा चोर होता हिंगाच्या डबीत! बाजारातल्या पुष्कळशा हिंगात मैदा मिसळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं, पण वाचतं कोण? तिसरा चोर म्हणजे पोळपाट. त्याच पोळपाटावर घरच्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि त्याच तव्यावर भाजायच्या.

गिरणीचं कोडं आज्जीने सोडवलं. "कशाला घोर लावून घेतीस? जातं हाय की आपलं!" असं म्हणत तिने माळवदाच्या घरातल्या कोपऱ्यातलं जातं बाहेर काढलं. ते धुऊन, पाथरवटाकडून टाकी लावून घेतलं. आता त्यात ज्वारीशिवाय काही पडत नाही. दर दोन दिवसांनी आज्जी आणि नात समोरासमोर बसून दळतात. दळण सोपं नाही हं! खांदे भरून येतात. पण आज्जी म्हणते, "म्या दळलेलं अंगी लागतंय." रेशनवर मिळणारा गहू घरच्या बाकीच्यांना होतो, आणि हिच्यासाठी ज्वारी बाजारातून विकत आणावी लागते. वर्षाची ज्वारी सुगीतच भरून ठेवायची, तर एकदम पैसे लागतात. त्यासाठी आईने दोन वर्षं स्वतःला लुगडं घेतलेलं नाही. हे मला आज्जीने सांगितलं, आईने नाही.

सगळ्यांत अवघड काय असतं, सांगू? सण! आमच्याकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या असते. बोलताना आम्ही येळवस म्हणतो. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून आत पाच दगड मांडतात. ते पाच पांडव. त्यांची पूजा करतात आणि मग वनभोजन. ताज्या शेंगा, दाणे आणि पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली ज्वारीच्या पिठाची आंबील. बघा, सगळं तिला चालणारं! पण पंगतीत गव्हाची खीर असते, तिळाची पोळी असते. आणि वाढणारे प्रेमाने आग्रह करतात. "एक घास खाल्ल्यानं काय होतंय?" हेच वाक्य तिला सगळ्यांत जास्त ऐकावं लागतं. आणि दर वेळी तिला "नको" म्हणावं लागतं. दहा वर्षांच्या मुलीला, सगळ्यांसमोर, सणाच्या दिवशी! करून बघा म्हणजे कळेल.

गेल्या येळवसला ती आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या रानात जेवायला होती. त्या मुलाच्या आज्जीने आधीच विचारून घेऊन राळ्याची खीर वेगळ्या पातेल्यात केली होती. वाढणाऱ्या काकू गव्हाच्या खिरीतली पळी त्या पातेल्यात घालणार, इतक्यात तो मुलगा ओरडला, "काकू, पळी दुसरी!" वर्गात कधी तोंड न उघडणारा हा मुलगा. सगळे हसले. काकूंनी पळी बदलली. आणि तिने दोन वाट्या खीर खाल्ली.

आता ती धावण्याच्या शर्यतीत उतरते. वर्षभरात तिची उंची इतकी वाढली, की रांगेत तिची जागा पुढून मागे गेली आहे.

मुलांनो, हे वाचून तुम्ही उद्यापासून गहू सोडू नका बरं का! ज्याला हा आजार नाही त्याच्यासाठी गहू चांगलंच अन्न आहे. आणि कुणाला शंका आली तरी आधी डॉक्टरांकडे जायचं. तपासणीच्या आधीच गहू बंद केला तर तपासणीत आजार सापडत नाही. पालकांनीही हे ध्यानात ठेवावं.

एक प्रयोग मात्र घरी करून बघा. मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पाण्यात हलक्या हाताने धूत राहा. पांढरं पाणी निघून जाईल आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरेल. बहुतेक ग्लुटेनच! लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ सरस, म्हणजे चिकटवायचा डिंक. यामुळेच पोळी पातळ लाटता येते आणि पाव फुगतो. आता ज्वारीच्या पिठाचं तसंच करा. सगळं पीठ पाण्यात विरघळल्यासारखं पसरेल, हाती काही उरणार नाही. म्हणून तर ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, आणि भाकरी लाटत नाहीत, थापतात.

दुसरं काम आणखी सोपं. घरातल्या डब्यांवरची आणि पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचा आणि कशाकशात गहू, मैदा, रवा किंवा सातू आहे त्याची यादी करा. ज्या पुड्यावर "ग्लुटेनमुक्त" लिहिलेलं असेल, त्यात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, असा आपल्या देशात नियम आहे. यादी झाली की तिची लांबी बघून तुम्ही चकित व्हाल. आमच्या वर्गाने अशी यादी केली तेव्हा फळा पुरला नव्हता.

आणि तुमच्या वर्गात कुणी वाढदिवसाचा केक नको म्हणालं, तर त्याला "नखरे करतो" म्हणू नका. आधी विचारा, "तुला काय चालतं?" मग शेंगदाण्याचा लाडू द्या, चिक्की द्या. येत्या येळवसला जमलं तर आमच्या लोहाऱ्याकडे या. हुरडा तयार असेल. आणि हो, पळ्या आम्ही आता दोन ठेवतो!